फ्लॅशचे पुस्तक निवडताना

कॅमेऱ्याच्या माथ्यावरचा फ्लॅश खाली उतरवून तो स्टँडवर, हव्या त्या कोनात आणि हव्या त्या अंतरावर उभा करण्याची विद्या ज्यांना अवगत करून घ्यायची असते, ते बहुधा प्रथम ट्रिगर, छत्र्या आणि सॉफ्टबॉक्स यांचे भाव काढतात आणि पुस्तकाचा विचार सर्वांत शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत करतात. नवोदितांना हा विषय शिकवण्यात माझा बराच काळ गेला असल्यामुळे, अयोग्य पुस्तकाने होणारे नुकसान किती खोलवर जाते हे मी जवळून पाहिले आहे. निकृष्ट उपकरण बदलता येते. निकृष्ट पुस्तकाने नजरेला लावलेले वळण मोडण्यास मात्र फार परिश्रम पडतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका होतकरू तरुणाने लग्नसराईच्या तोंडावर आकृत्यांनी भरलेले एक देखणे पुस्तक विकत घेतले होते. प्रत्येक छायाचित्रापुढे प्रकाशरचनेची आकृती आणि तिच्याखाली आकडे: छत्री वधूच्या डावीकडे पंचेचाळीस अंशांत, फ्लॅशची शक्ती १/४, अ‍ॅपर्चर एफ/५.६, आयएसओ ४००. मंगल कार्यालयात त्याने सर्व मांडणी बरहुकूम केली; वधूचा डावा गाल आणि नथ उत्तम उजळली, परंतु उजवा गाल कानातल्या झुब्यासकट काळोखात बुडाला. तो छायाचित्रे घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा मी पुस्तकातील मूळ चित्र नीट न्याहाळले. ते पांढऱ्या भिंतींच्या, ठेंगण्या छताच्या खोलीत घेतलेले होते. छत्रीतून चोहीकडे पसरलेला प्रकाश भिंतींवरून परतून सावलीची बाजू भरून काढत होता, आणि भिंतींच्या या साहाय्याची लेखकाने कोठे नोंदच केलेली नव्हती. कार्यालयाचे छत उंच आणि मागचे पडदे गडद मखमलीचे; तेथून प्रकाश परतणार कोठून? मुलाने आकडे चोख पाळले होते. उणीव पुस्तकात होती.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, आकृती आणि आकडे पाहून भुलू नये. फ्लॅशचे विषयापासूनचे अंतर, प्रकाशस्रोताचा आकार, सभोवतालचा मूळ प्रकाश आणि जागेचे स्वरूप या चार गोष्टींचे बयान ज्या पुस्तकात नाही, त्यातील आकडे त्या एका खोलीपुरते खरे असतात. त्यांपैकी अंतराचे महत्त्व तर विशेष आहे. अंतर दुप्पट झाले की उघड्या फ्लॅशचा प्रकाश चतुर्थांश उरतो, हा व्यस्त वर्गाचा नियम पुष्कळ पुस्तके सांगतात. पण चांगले पुस्तक त्याचा उपयोगही दाखवते. फ्लॅश वरापासून एक मीटरवर आणि वधूपासून दीड मीटरवर असेल, तर वधूला वराच्या निम्म्याहूनही कमी प्रकाश मिळतो. तोच फ्लॅश मागे नेऊन हे अंतर अनुक्रमे तीन आणि साडेतीन मीटर केले, तर तिला सुमारे पाऊण हिस्सा मिळतो आणि दोघांवरचा प्रकाश जवळपास सारखा दिसतो. हे एकदा उमगले की कोणत्याही सभागृहात स्टँड कोठे ठेवावा याचा निर्णय छायाचित्रकार स्वतः घेऊ शकतो.

या कसोटीला पूर्णांशाने उतरणारे आणि मी सर्वांच्या आधी हाती देतो ते पुस्तक म्हणजे फिल हंटर आणि पॉल फुक्वा यांचे ‘लाइट: सायन्स अँड मॅजिक’. ते प्रथम १९९० साली, म्हणजे डिजिटल कॅमेरे घरोघर पोहोचण्याच्या पुष्कळ आधी प्रसिद्ध झाले; पुढे स्टीव्हन बायव्हर सहलेखक झाले, आवृत्त्या निघाल्या, उदाहरणे बदलली, परंतु मूळ विवेचन ढळले नाही, कारण ते उपकरणाचे नसून प्रकाशाच्या परावर्तनाचे आहे. घासून लख्ख केलेली पितळी समई समोर ठेवून फ्लॅश मारा: समईवर एक तीव्र ठिपका उमटतो आणि बाकीची समई काळवंडते. याचे कारण असे की, चकचकीत धातू ज्या कोनांतून कॅमेऱ्याकडे परावर्तन करतो, त्या कोनांच्या समूहात जे काही असेल तेच तो दाखवतो. त्या जागी मोठे पांढरे कापड धरून फ्लॅश त्या कापडावर सोडा, आणि समई पायापासून शिखरापर्यंत सोन्यासारखी भरून येते. पैठणीची जर एका कोनातून झळाळते आणि दुसऱ्यातून मंदावते, चष्म्याच्या काचेत फ्लॅश दिसतो आणि दिवा थोडा उंच नेताच नाहीसा होतो, या सर्वांचा उलगडा त्याच एका तत्त्वाने होतो. ज्या पुस्तकाने एका कारणातून इतकी कार्ये समजतात, त्याची किंमत वसूल होण्यास विलंब लागत नाही.

दुसरी सूचना प्रकाशनवर्षासंबंधी आहे. जो मॅकनॅली यांचे ‘द हॉट शू डायरीज’ (२००९) प्रामुख्याने निकॉनच्या आणि सिल अरेना यांचे ‘स्पीडलायटर्स हँडबुक’ (२०१०) कॅननच्या फ्लॅशवर आधारलेले आहे. दोन्ही मोलाची, पण कॅननने रेडिओ यंत्रणा अंगभूत असलेला ६००ईएक्स-आरटी हा फ्लॅश २०१२ मध्ये आणला, त्यामुळे अरेना यांच्या पहिल्या आवृत्तीत त्याचा समावेश असणे अशक्य होते, २०१५ ची दुसरी आवृत्तीच घ्यावी. मॅकनॅली यांच्या पुस्तकातून बटणांची माहिती मिळवण्यापेक्षा, अडचणीच्या जागी अनुभवी माणूस विचार कसा करतो हे शिकावे. तो भाग जुना झालेला नाही. आपल्या फ्लॅशचे कोणते बटण काय करते, याचा खुलासा कंपनीच्या माहितीपुस्तिकेत असतोच.

तिसरी सूचना पुस्तकाच्या प्रतीविषयी. एकदा स्वस्त भावाच्या मोहाने नव्हे, तर अन्यत्र प्रत शिल्लक नव्हती म्हणून, मी एका विक्रेत्याकडून असे एक पुस्तक मागवले, आणि हाती आली ती पातळ कागदावरची काळी-पांढरी नक्कल. नारिंगी जेल लावल्याने फ्लॅशचा रंग पिवळ्या बल्बशी कसा जुळतो हे दाखवणारी दोन्ही चित्रे तीत सारखीच करडी होती. सावलीची कड मऊ की कठीण हेही कळत नव्हते. प्रकाशाच्या पुस्तकात चित्र हाच पुरावा असतो, तेव्हा छपाईची खातरजमा केल्यावाचून पैसे देऊ नयेत; अधिकृत ई-आवृत्ती अशा नकलेपेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

क्रमाविषयी विचाराल, तर आधी प्रकाशाचे पुस्तक, मग आपल्या फ्लॅशचे आणि शेवटी जाणत्यांच्या अनुभवांचे. एक फ्लॅश, एक छत्री आणि घरातली एक समई एवढ्या साहित्यावर पहिल्या पुस्तकातील प्रत्येक प्रयोग स्वतः केल्याखेरीज दुसरे पुस्तक उघडू नये. आणि कोणतेही पुस्तक घेण्यापूर्वी दुकानात किंवा ग्रंथालयात त्यातील एकच छायाचित्र निवडून त्याखालचा मजकूर शांतपणे वाचावा: प्रकाश तेथेच का ठेवला, आणि तो हलवला असता तर काय घडले असते, याचे उत्तर मिळाले तर पुस्तक अवश्य घ्यावे, न मिळाले तर, मुखपृष्ठ कितीही मोहक असो, ते निःशंकपणे परत ठेवावे.