अडणारे इंजिन : एक तपास



डिसेंबरातली पहाट. जालन्यात पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरलेला. सेल्फ मारला की इंजिन घरघरते, पण सुरू होत नाही. पाच-सहा प्रयत्नांनंतर कसेबसे सुरू झालेच, तर थरथरत आणि अडखळत चालते. रेस वाढवली की मात्र आवाज एकसारखा होतो. आमच्या घरच्या १९८४ सालच्या अ‍ॅम्बेसेडर मोटारीची ही गेल्या हिवाळ्यातली तक्रार. एका कारागिराने ऐकताक्षणीच सांगितले, "इंजिन झिजले आहे. बोअरिंग करावे लागेल." तो खर्च मोटारीच्या किमतीहून जास्त होता. भंगार लोखंड वितळवून सळ्या करणारे कारखाने जालन्यात पुष्कळ आहेत. मोटार तिकडेच द्यावी, अशी भाषा घरात सुरू झाली.

पण इंजिन खरोखरच झिजले होते का? हे ठरवायला लागणारे भौतिकशास्त्र तुमच्या शाळेच्या पुस्तकापासून फार दूर नाही. चला, आपण मिळून तपास करू.

इंजिनाला काय हवे?

अ‍ॅम्बेसेडर मोटार पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत असे. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. आमच्या मोटारीचे पेट्रोल इंजिन चार सिलिंडरांचे असून त्यांचे एकूण आकारमान १४८९ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दीड लिटर आहे. प्रत्येक सिलिंडरात दट्ट्याच्या चार धावा होतात. पहिल्या धावेत हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत येते, दुसरीत ते दाबले जाते, तिसरीत ठिणगीने पेटून दट्ट्याला ढकलते आणि चौथीत जळालेला वायू बाहेर जातो.

म्हणजे इंजिनाला तीन गोष्टी हव्यात : योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि नेमक्या वेळी पडणारी सशक्त ठिणगी. इंजिन अडले तर यांपैकी किमान एक गोष्ट बिघडलेली असणार. आपला तपास या तीन खोल्यांच्या घरातच करायचा आहे.

ठिणगीचा हिशेब

बॅटरीचा विद्युतदाब १२ व्होल्ट, पण प्लगमध्ये ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात. ते येतात फॅराडेने १८३१ साली शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनातून. कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून तीन-चार अँपिअर धारा वाहत असते. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडले की ती एकदम तुटते, चुंबकीय क्षेत्र झपाट्याने ओसरते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत प्रचंड विद्युतदाब निर्माण होतो. इंजिनाचे मिनिटाला ८०० फेरे होत असतील, तर अशा ठिणग्या मिनिटाला १६०० पडतात.

आता बॅटरीकडे पाहा. सेल्फ फिरताना सुमारे १५० अँपिअर धारा ओढतो. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१५ ओहम धरला, तर ओहमच्या नियमाने १५० × ०.०१५ = २.२५ व्होल्ट आतच खर्च होतात. १२.६ पैकी उरतात सुमारे १०.३. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचून ०.०२ ओहम रोध वाढला, तर आणखी ३ व्होल्ट जातात आणि उरतात ७.३. (रोध वाढल्यावर धाराही थोडी घटते, पण ढोबळ हिशेबासाठी ते सोडून देऊ.) कॉइलमधील ऊर्जा धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. विद्युतदाब सात-दशांश झाला की धाराही तेवढीच होते आणि ठिणगीची ऊर्जा जवळजवळ निम्म्यावर येते! शिवाय त्या मळक्या जोडावर १५० × ३ = ४५० वॉट शक्ती उष्णतेत जाते. म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर एखादे टर्मिनल गरम लागले, तर दोष तिथेच आहे असे समजावे.

आमची टर्मिनले स्वच्छ आणि थंड होती. सेल्फ फिरताना व्होल्टमापक दहाच्या वर राहिला. बॅटरी निर्दोष ठरली.

माझी चूक

यापूर्वीची एक गोष्ट कबूल करतो. एका रविवारी मीच चारही प्लग नवे घातले, पॉइंटमधले अंतर नीट केले आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून मिश्रणात पेट्रोल थोडे वाढवले. इंजिन जरा सुधारले. "प्लगच खराब होते," असे मी सर्वांना सांगितले. चार दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न!

वर्गात मी शिकवतो, की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला. स्वतः मात्र तीन गोष्टी एकदम बदलल्या. सुधारणा कशामुळे झाली, हे कळण्याचा मार्ग मीच बंद केला.

एका वेळी एकच बदल

दुसऱ्या खेपेला एका अनुभवी मिस्त्रींच्या मदतीने पद्धतशीर काम केले. इंजिन बंद करून पहिल्या प्लगची वायर काढली, ती इंजिनाच्या धातूला नीट जोडली आणि इंजिन पुन्हा सुरू केले. पहिला सिलिंडर बंद पडल्याने इंजिन मरायला टेकले. म्हणजे तो आधी चांगले काम करत होता. दुसऱ्याचेही तसेच. तिसरा बंद केला, तर फारसा फरक नाही. चौथा बंद केला, तरीही नाही. आळशी सिलिंडर दोन निघाले, तिसरा आणि चौथा.

मग पहिला व चौथा प्लग यांची अदलाबदल केली. दोष प्लगबरोबर पहिल्या सिलिंडरकडे गेला असता, तर प्लग दोषी ठरला असता. दोष चौथ्यातच राहिला. नंतर वायर बदलून पाहिली. तरीही तेच. ठिणगीची खोली रिकामी झाली.

आता दाब. दाबमापक प्रत्येक प्लगच्या जागी लावून सेल्फ फिरवला. चारही आकडे जवळजवळ सारखे आले. रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले असते, किंवा तिसऱ्या-चौथ्यामधले हेड गॅस्केट फुटले असते, तर त्या दोघांचे आकडे खाली गेले असते. बोअरिंगचे निदान इथेच बाद झाले.

उरले मिश्रण. पण कार्ब्युरेटर तर एकच! तो चौघांनाही सारखेच मिश्रण देतो. मग दोघांचेच का बिघडावे? उत्तर इंजिनाच्या रचनेत आहे. या इंजिनात पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरांना मिळून एक आत येण्याची वाट आहे आणि तिसऱ्या-चौथ्यांना मिळून दुसरी. म्हणजे गडबड कार्ब्युरेटरच्या पुढे, त्या दुसऱ्या वाटेवर होती.

चोरून शिरणारी हवा

इंजिन मंद चालत असताना कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. सांध्याला फट असेल, तर बाहेरची हवा जोराने आत घुसते. किती फरक पडेल?

८०० फेऱ्यांना इंजिन मिनिटाला ४०० वेळा भरते. ४०० × १.४८९ म्हणजे सुमारे ६०० लिटर. पण दाब एक-तृतीयांश असल्याने ती बाहेरची सुमारे २०० लिटर हवाच होय. तिसऱ्या-चौथ्याच्या वाट्याला त्यातली १००. फट फक्त दोन चौरस मिलिमीटर असली, तरी मिनिटाला सुमारे २० लिटर हवा आत येऊ शकते. पेट्रोल तेवढेच आणि हवा २० टक्के जास्त! एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथे ती साडेसतराच्या पुढे गेली. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ मुळातच कमी होते. असे पातळ मिश्रण नीट पेटेल कसे?

रेस वाढवून झडप पूर्ण उघडली, तर ३००० फेऱ्यांना इंजिन मिनिटाला दोन हजारांहून जास्त लिटर हवा घेते. तेव्हा आतला दाब बाहेरच्या जवळपास येतो, त्यामुळे फटीतून थोडीच हवा शिरते. इतक्या पसाऱ्यात तिची दखल कोण घेणार? म्हणून रेस देताच इंजिन सुधारत होते.

मिस्त्रींनी इंजिन गार असताना सुरू करून सांध्यावर ब्रशने जाड ऑइल लावले. मागच्या टोकाला ब्रश पोहोचताच इंजिनाची थरथर थांबली. ऑइलने फट क्षणभर बुजवली होती. मॅनिफोल्डचे गॅस्केट बदलले, नट सारखे आवळले आणि दुसऱ्या पहाटे मोटार पहिल्या सेल्फला सुरू झाली. माझ्या त्या रविवारच्या सुधारणेचा उलगडाही झाला : वाढवलेल्या पेट्रोलने चोरट्या हवेची थोडी भरपाई केली होती. प्लग बिचारे निर्दोष होते.

पेट्रोलही बदलले आहे

२०२५ पासून देशभर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एक किलो इथेनॉलला ९ किलोच हवा पुरते. त्यामुळे या मिश्रणाला सुमारे साडेतेरा किलो लागते. जुना कार्ब्युरेटर मात्र पूर्वीच्याच हिशेबाने हवा देतो, म्हणजे फट नसतानाही मिश्रण थोडे पातळ होते. शिवाय इथेनॉलच्या बाष्पीभवनाला जास्त उष्णता लागते, हे थंडीत नडते. त्यामुळे जुन्या इंजिनाला लहानशी फटही आता जास्त जाणवते.

सावधान!

ही तपासणी जाणत्या मिस्त्रींच्या देखरेखीखालीच करावी. चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरीला हात लावू नये. पेट्रोलजवळ ज्योत आणू नये. बंद खोलीत इंजिन चालवू नये. त्यातून येणारा कार्बन मोनॉक्साइड वास न देता प्राण घेतो.

स्वाध्याय

१. टर्मिनलचा रोध ०.०१ ओहमने वाढला, तर १५० अँपिअर धारेला किती व्होल्ट कमी होतील? त्या जोडावर किती वॉट शक्ती उष्णतेत जाईल?
२. चारही सिलिंडर सारखेच अडखळत असतील, तर तपास कुठून सुरू कराल? का?
३. दोष फक्त जोराच्या चढावर जाणवतो, मंद चालताना नाही. मॅनिफोल्डची फट हे त्याचे कारण असू शकेल का?

शिक्षकांसाठी : घरातील बंद पडलेली विजेरी वर्गात आणावी. सेल, बल्ब आणि बटण यांपैकी एका वेळी एकच भाग बदलून विद्यार्थ्यांना दोष शोधू द्यावा आणि प्रत्येक पायरीनंतर काय बाद झाले, ते फळ्यावर लिहावे. यंत्र मोठे असो वा लहान, तपासाची रीत हीच.