जीवनसत्त्व 'क' आणि जनावरांच्या अधिवृक्क ग्रंथी

गाई-म्हशींना कोणी लिंबू चारीत नाही. तरीही त्यांना स्कर्व्ही हा रोग होत नाही. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या यकृतात, तर कोंबडीच्या मूत्रपिंडात, 'क' जीवनसत्त्व साखरेपासून तयार होते. माणूस, माकड व गिनीपिग यांच्या शरीरात त्यासाठी लागणारे एक विकर नसते. म्हणून त्यांना ते आहारातूनच मिळावे लागते.

ग्रंथींचे कार्य

मूत्रपिंडांजवळील दोन लहान ग्रंथींना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. शरीरात 'क' जीवनसत्त्वाचा साठा ज्या अवयवांत सर्वांत दाट असतो, त्यांत त्यांची गणना होते. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा पदार्थ बैलाच्या याच ग्रंथींतून वेगळा केला होता. ऊन, भूक, रोग वा प्रवास यांचा ताण पडला की या ग्रंथी संप्रेरके रक्तात सोडतात. त्या वेळी त्यांतील 'क' जीवनसत्त्वाचा साठा घटतो.

कमतरतेचा परिणाम

जीवनसत्त्व कमी पडले म्हणजे संप्रेरकही थांबेल, असे सहज वाटते. परंतु प्रयोगांत उलट दिसते. 'क' जीवनसत्त्वावाचून ठेवलेल्या गिनीपिगमध्ये ग्रंथी फुगतात, रक्तातील कॉर्टिसॉल वाढते व मूत्रावाटे त्याचे उत्सर्जनही वाढते. कारण कमतरता हाच शरीरावरील एक मोठा ताण होय. म्हणून मूत्रातील ही वाढ सुदृढतेचे नव्हे, तर संकटाचे लक्षण समजावे.

पशुपालकांनी काय करावे?

१. निरोगी, प्रौढ गाई-म्हशींसाठी 'क' जीवनसत्त्वाच्या औषधांवर खर्च करू नये. तो पैसा हिरवी वैरण, स्वच्छ पाणी व सावली यांवर खर्चावा.

२. नवजात वासराच्या शरीरात हे जीवनसत्त्व आरंभी पुरेसे तयार होत नाही. त्यास जन्मल्यावर लवकरात लवकर चीक पाजावा.

३. कडक उन्हाळ्यात कोंबड्यांना स्वतःचे जीवनसत्त्व अपुरे पडते. एक किलो खाद्यात सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम मिसळण्याची शिफारस केली जाते. मिश्रण ताजे वापरावे. साठवणीत व उष्णतेने त्याचा गुण जातो.

४. गिनीपिग पाळणाऱ्यांनी रोज ताजा हिरवा चारा द्यावा. तो बंद झाल्यास दोन-तीन आठवड्यांत रोगाची लक्षणे दिसू लागतात.

ग्रामसेवकांनी हेही सांगावे की, गोठ्यातील गाय स्वतःचे 'क' जीवनसत्त्व स्वतः बनविते, घरातील मूल बनवू शकत नाही. बांधावरील आवळा व परसातील पेरू प्रथम मुलांच्या ताटात पडावेत.