ड्रोन फवारणी : नुसतं उडवता येणं पुरेसं नाही

भाद्रपदात उघडीप मिळाली की पुण्याच्या आसपासच्या शिवारात फवारणीची घाई उडते. सोयाबीनच्या शेंगा भरत असतात, आडसाली उसात तण माजलेलं असतं, रानात चिखल, आणि पाठीवर पंप घ्यायला माणूस मिळत नाही. मग ड्रोनवाल्याला फोन जातो. जरूर बोलवा, एकरभर रान दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. पण दर ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा : पायलटचं प्रमाणपत्र आहे का, आणि औषध फवारायचं शिक्षण कुठं घेतलं?

दहा लिटर टाकीचे बहुतेक शेती ड्रोन २ ते २५ किलोच्या ‘स्मॉल’ वर्गात मोडतात. ड्रोन नियम २०२१ नुसार ते चालवायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मान्यता असलेल्या संस्थेचं रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. वय १८ ते ६५, शिक्षण किमान दहावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात असं केंद्र आहे. बचत गटांच्या महिलांसाठीच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत पंधरा दिवसांचं प्रशिक्षण ठरवलं आहे : पाच दिवस ड्रोन उडवण्याचे, दहा दिवस खत-औषध फवारणीचे. ही वाटणी अगदी योग्य आहे. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोराचा हात रिमोटवर सफाईदार असेलही, पण त्याच्या टाकीत विष नसतं.

पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला आठ-दहा. औषधाची एकरी मात्रा मात्र तीच. म्हणजे ड्रोनच्या टाकीतलं द्रावण पंधरा-वीसपट तीव्र. टाकी भरताना अंगावर सांडलेला, तुंबलेलं नोझल उघड्या बोटांनी काढताना किंवा तोंडाने फुंकताना लागलेला प्रत्येक थेंब त्याच हिशेबाने महाग पडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले. ड्रोनमुळे माणूस फवाऱ्यापासून लांब राहतो हे खरं, पण औषध कालवणारा तिथंच उभा असतो. हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे त्यालाही हवेत आणि बॅटरी बदलणाऱ्या मदतनीसालाही. ड्रोन फवारणीला मान्यता असलेलीच औषधं वापरावीत. दोन औषधं एकत्र करायची तर आधी बरणीत कालवून फाटतात का ते पाहावं.

शेजाऱ्याशी भांडण लावतो तो वारा. उसातलं तण मारायला टू-फोर-डी सोडलं आणि फवारा बांधापलीकडे गेला, तर टोमॅटो, भेंडी, द्राक्षाची पानं आकसून वाकडी होतात. शेजारी रुंद पानांचं पीक असेल तर ड्रोनने हे तणनाशक मारूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इतर औषधांसाठी पिकाच्या शेंड्यापासून दोन-अडीच मीटरच उंची ठेवावी, आणि वारा विहीर, गोठा किंवा वस्तीकडे असेल तर थांबावं. संध्याकाळी वारा पूर्ण पडल्यावरही बारीक थेंब हवेत तरंगत राहतात आणि मग कुठंही उतरतात. तूर, सूर्यफूल फुलात असताना मधमाश्यांच्या वेळेत फवारू नये. हवाई फवारणीची सूचना किमान चोवीस तास आधी द्यावी, असं कीटकनाशक नियमांतच आहे. ग्रामपंचायतीला कळवा, बांधकऱ्याला स्वतः जाऊन सांगा.

पुणेकरांसाठी आणखी एक अडचण आहे. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए). त्यामुळे वाघोली, मांजरी किंवा सिंहगड रस्त्याकडच्या रानात ड्रोन वर नेण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर त्या जागेचा रंग पाहावा. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही. पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेशही अधूनमधून निघतात, ते पाहून घ्यावेत.

रानाला आधी एक पायी फेरी मारा. विजेच्या तारा, खांबाचे ताण, बांधावरची झाडं पायलटला दाखवा. बॅटरी उतरली की ड्रोन आपोआप ठरलेल्या उंचीवर चढून परत येतो. ती उंची तारांपेक्षा कमी लावलेली असेल तर थेट तारेत. डोक्यावर गेलेल्या उसात पलीकडचं टोक दिसत नाही, तिथं दुसरा माणूस उभा करावा. फुगलेली बॅटरी वापरू नये. पंखे पूर्ण थांबेपर्यंत कुणी जवळ जाऊ नये, लेकरं तर बांधावरही नकोत.

फवारणीनंतर मळमळ, चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही जाणवलं तर कपडे बदलून अंग साबणाने धुवावं, १०८ ला फोन करावा, आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली लेबलसकट सोबत न्यावी.