चाक नंतर घ्या, आधी माती मोजायला शिका

मातीकामाच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: "मॅडम, चाक कितीला मिळेल?" माझं उत्तर असं की सुरुवातीचे तीन-चार महिने चाकाचे पैसे खिशातच ठेवा. आणि पणत्या-माठांच्या भावात उतरू नका. धारावीच्या कुंभारवाड्यातल्या माणसाचा हात पिढ्यान् पिढ्या त्यावर बसलाय, त्या दरात तुम्हाला परवडणार नाही.

हाताने तीन प्रकारे वस्तू होते. गोळ्यात अंगठा दाबून वाटी काढायची, वळ्या करून एकावर एक रचायच्या, किंवा पोळीसारखी लाटून कापायची. धंद्याला तिसरी पद्धत सगळ्यात कामाची, कारण एकसारखा माल निघतो. खाली सुती कापड घाला, मातीच्या दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवा आणि लाटणं त्या पट्ट्यांवरून फिरवा. जाडी आपोआप सारखी येते. साबणदाणी, ट्रे, छोटी कुंडी, सगळं यातून होतं. त्याआधी माती कणकेसारखी नीट मळायची, आत हवा राहता कामा नये. दोन तुकडे जोडताना दोन्हींचा ओलावा सारखा हवा. जोडावर काट्याने रेघा मारा, पातळ कालवलेली माती लावा, मग दाबा. नुसतं पाणी लावून चिकटवलेला कान सुकताना हमखास सुटतो.

सुकवण्यात घाई नको. सावलीत, वरून सैल प्लास्टिक टाकून, हळूहळू. कडा लवकर आणि तळ उशिरा सुकला की तडा जातो. वस्तू गालाला लावून बघा. गार लागली तर आत अजून पाणी आहे. असा नग भट्टीत गेला की १०० अंशांना त्या पाण्याची वाफ होते, नग फुटतो आणि शेजारच्यांनाही घेऊन जातो. पावसाळ्यात तर दुप्पट दिवस धरा. (शाडूचा अनुभव इथे लावू नका. गणपती आपण भाजत नाही.)

आता मुद्द्याचं. माती सुकताना आणि भाजताना आकसते. तुमची माती किती आकसते हे दुकानदाराला विचारू नका, स्वतः मोजा. ओल्या मातीच्या पट्टीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारा. शेवटची भाजणी झाली की रेघ मोजा. ९ भरली तर आकस १० टक्के.

दहा टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं ना? समजा, एका कॅफेवाल्याने १५० मिलिलिटरचे ५० कप सांगितले. तुम्ही ओला कप अंदाजाने १६५ चा केलात. पण आकस लांबी, रुंदी आणि उंची तिन्हीकडून होतो. ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.७२९. तुमच्या कपात भाजल्यावर १२० मिलिलिटरच चहा मावणार! १५० हवे असतील तर ओला कप साधारण २०६ चा करावा लागतो. ही गुणाकाराची ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ५० कप परत आले तर माती, भाजणी, तुमचे पंधरा दिवस, सगळं गेलं.

दर काढतानाही तसंच. समजा २० नगांना माती, भाजणी, ग्लेझ मिळून १,२०० रुपये लागले. नगाला ६० रुपये धरू नका. विकण्याजोगे १६ निघाले तर नग ७५ ला पडला, आणि त्यात तुमची मजुरी अजून धरलेलीच नाही.

भट्टीही इतक्यात नको. शहरांतले बरेच स्टुडिओ पैसे घेऊन भाजून देतात. जाताना तुमची माती किती अंशांची आहे ते सांगा. कमी तापमानाची माती जास्त तापवली तर ती वितळून त्यांची फळी खराब होते आणि भुर्दंड तुम्हाला.

जागेबद्दल थोडक्यात. कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. मातीच्या धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं छातीत गेली की फुफ्फुसं कायमची खराब होतात. घरात लहान मुलं असतील तर स्वयंपाकघरात हे काम नकोच. हात बादलीत धुवा. सिंकमध्ये गेलेली माती पाइप तुंबवते आणि बादलीच्या तळाशी बसलेली परत वापरता येते.

ग्लेझचा विषय मोठा आहे, पुढच्या भागात घेते. एवढंच की खाण्यापिण्याच्या भांड्यांना शिसं नसलेलं, खाद्यपदार्थांसाठी चालणारं ग्लेझच घ्या. तोवर पट्टी भाजून आणा आणि आकडा मातीच्या नावासकट वहीत लिहा. माती बदलली की पट्टी पुन्हा करायची.