दुष्ट प्रतिश्याय आणि नेत्र : नस्यापूर्वीची दोन मिनिटे

प्रतिश्यायाची उपेक्षा झाल्यास बाधिर्य, घ्राणनाश, आंध्य व दारुण नेत्रव्याधी उद्भवतात, असे सुश्रुतांनी उत्तरतंत्राच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. विद्यार्थिदशेत यातील ‘आंध्य’ हा शब्द आम्हास अतिशयोक्त वाटत असे. झर्झरास्थीतील सायनस व नेत्रगुहा यांमधील अस्थिपटल कागदासारखे पातळ असते, हे ध्यानी आले की तो तसा वाटत नाही.

जीर्ण रुग्णांपैकी बहुतेकांची तक्रार भ्रुवोर्मध्ये जडत्व, नेत्रगौरव व अश्रुस्राव एवढीच असते. दीपन-पाचन, व्योषादि वटी, चित्रक हरीतकी आणि आमावस्था सरल्यावर अणुतैलाचे नस्य, हा क्रम वाचकांच्या परिचयाचाच आहे. नवप्रतिश्यायात नस्य व साम नेत्ररोगात अंजन निषिद्ध, हेही सर्वज्ञात आहे. अडचण येते ती जीर्ण व्याधीवर नवा प्रकोप होतो तेव्हा. कारण रुग्ण ‘नेहमीचेच आहे’ असे सांगतो आणि आपणही ते मान्य करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पीनसाची एक जुनी रुग्णा नस्यासाठी आली. डाव्या वरच्या पापणीवर शोथ होता, अंगात थोडा ज्वर होता. नस्य एक दिवस पुढे ढकलावे, असे मनात आले होते. तत्पूर्वी उजवा डोळा झाकून भिंतीवरील दिनदर्शिका वाचण्यास सांगितले. अंक पुसट दिसतात, रविवारचा लाल रंग विटका वाटतो, असे ती म्हणाली. डोळा वर फिरविताना वेदना होत होती. त्याच दिवशी तिला रुग्णालयात पाठविले. सी.टी. स्कॅनमध्ये नेत्रगुहेच्या भित्तीलगत पूयसंचय आढळला. शिरेवाटे प्रतिजैविके देऊन रात्रीच शस्त्रकर्म झाले. दृष्टी वाचली.

तेव्हापासून नस्याच्या पूर्वकर्मात आम्ही प्रत्येक डोळ्याची दृष्टी स्वतंत्रपणे पाहतो, डोळे सर्व दिशांना फिरवून घेतो आणि रुग्णाच्या मागे उभे राहून वरून एखादे नेत्रगोलक पुढे आले आहे का ते न्याहाळतो. द्विधा दर्शन, दृष्टिमांद्य, नेत्रचलनात वेदना किंवा अवरोध यांपैकी एकही लक्षण असल्यास स्वेद, नस्य, अंजन काहीही न करता रुग्णास तत्काळ कान-नाक-घसा व नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठवावे. तीव्र शिरःशूल, वमन, तंद्रा असल्यास तर क्षणाचाही विलंब नको. मधुमेही रुग्णात गालाची बधिरता व नाकातून काळसर स्राव दिसल्यास २०२१ मधील म्युकरमायकोसिसचे स्मरण ठेवावे.

वेदनारहित प्रकारही फसवा असतो. कपाळाच्या सायनसमध्ये श्लेष्मा कोंडून त्याची पिशवी फुगत जाते व डोळा हळूहळू खाली आणि बाहेर ढकलला जातो. ज्वर नसतो, लाली नसते. अनेकदा घरच्यांनाच चेहरा वेगळा वाटू लागतो. हाही विषय शस्त्रकर्माचाच.

उपरोक्त रुग्णेचे नस्य आम्ही व्रण पूर्ण भरल्यावर, शल्यचिकित्सकांची संमती घेऊनच आणि अल्प मात्रेत पुन्हा सुरू केले.