हाड कापावे, रक्तपुरवठा राखावा

आखूड पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी बोलताना समाजातील मंडळी मला हमखास एक प्रश्न विचारतात : "डॉक्टरसाहेब, हाड काय रबरासारखे ताणले जाते?" हाड ताणले जात नाही. ते कापले जाते, आणि कापलेली टोके हळूहळू दूर नेताना मधल्या जागेत शरीर नवे हाड घडविते. हे नवे हाड रक्ताच्या बळावरच उभे राहते. म्हणूनच या शस्त्रक्रियेत हाड कोठे व कसे कापले याला अतिशय महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

या विषयाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. इटलीतील बोलोन्याचे डॉ. कोडिव्हिला यांनी 1905 साली मांडीचे हाड कापून, ते जोराने ओढून पाय लांब केल्याचे प्रसिद्ध केले. त्या मार्गात गुंतागुंत फार होती. पुढे सायबेरियातील कुर्गान या गावी डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी 1951 पासून तारा आणि कड्या यांची चौकट वापरून निराळी वाट दाखविली. पश्चिम युरोपला तिची खरी ओळख 1981 मध्ये इटलीतील परिषदेत झाली. आपल्याकडे ही विद्या रुजविण्यात आणि शिकविण्यात मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी व अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी यांचा मोठा वाटा आहे. पोलिओने पाय आखूड झालेल्या आपल्या देशातील असंख्य रुग्णांना ती वरदान ठरली. भारत 2014 साली पोलिओमुक्त घोषित झाला. आज अपघात, हाडातील जंतुसंसर्ग आणि जन्मजात व्यंग ही या शस्त्रक्रियेची मुख्य कारणे आहेत.

हाडाला रक्त कोठून मिळते?

भोपाळकरांना हे समजणे अवघड नाही. आपल्या शहराला मोठा तलाव, कोलार आणि नर्मदा अशा अनेक ठिकाणांहून पाणी येते. एक वाहिनी बंद पडली तर दुसरीवर भार येतो. नडगीच्या हाडाचेही तसेच आहे. त्याची मुख्य पोषक धमनी पोटरीतील पश्च टिबियल धमनीपासून निघते, हाडाच्या मागच्या बाजूने वरच्या तृतीयांश भागात, सोलियल रेषेच्या खाली आत शिरते आणि तिरकी खाली उतरते. मज्जेत पोहोचल्यावर तिच्या वर जाणाऱ्या व खाली जाणाऱ्या शाखा होतात. हाडाच्या भिंतीचा आतला सुमारे दोन तृतीयांश भाग तिच्यावर पोसला जातो. बाहेरच्या एक तृतीयांश भागाला हाडावरील आवरण, म्हणजे पेरिऑस्टियम, रक्त पुरविते. गुडघ्याजवळच्या रुंद, जाळीदार भागाला सांध्याभोवतीच्या धमन्यांकडून स्वतंत्र पुरवठा असतो.

यावरूनच कापण्याची जागा ठरते. टिबियल ट्युबरॉसिटीच्या किंचित खाली छेद घेतला की रक्ताने समृद्ध असा जाळीदार भाग लाभतो आणि पोषक धमनीचे प्रवेशद्वार छेदाच्या खाली सुरक्षित राहते.

छेद कसा घ्यावा?

त्वचेवर लहानसा छेद घ्यावा. पेरिऑस्टियम उभे चिरून हलकेच बाजूला सारावे. ते फाडू नये. अरुंद छिन्नीने आतील व बाहेरील भिंत कापावी. मागच्या भिंतीत छिन्नी खोल घालण्याचा मोह टाळावा. छिन्नी वळवून आणि खालची कडी बाहेरच्या दिशेने फिरवून ती भिंत तडकवावी. बाहेरच्या दिशेने अशासाठी की पेरोनियल नसेवर ताण पडू नये.

मज्जेला धक्काच लागता कामा नये, असा इलिझारोव्ह यांचा आग्रह होता. नंतरच्या प्रयोगांनी हे मत थोडे बदलले. जपानी संशोधकांनी 1988 मध्ये सशांवर दाखविले की पेरिऑस्टियमचे जतन अधिक निर्णायक आहे. आज मज्जापोकळी कोरून आत लांबी वाढविणारा नेल बसवितात, तरीही नवे हाड होते. मज्जेतील रक्ताभिसरण पुन्हा सुरू होऊ शकते. आवरणाची नासधूस मात्र महाग पडते. विजेच्या करवतीची उष्णता हाड जाळते, म्हणून अनेक छिद्रे पाडून छिन्नीने जोडणे किंवा जिगली तारकरवत वापरणे श्रेयस्कर.

धोक्याची जागाही येथेच आहे. पॉप्लिटियस स्नायूच्या खालच्या कडेशी मुख्य धमनी विभागते आणि अग्र टिबियल धमनी दोन हाडांमधील पडद्याच्या वरच्या कडेवरून पुढे येते. तेथे ती जणू जखडलेली असते, बाजूला सरकू शकत नाही. छिन्नी घसरली तर रक्तस्राव आणि कंपार्टमेंट सिंड्रोम संभवतो. तरुण सहकाऱ्यांना माझे सांगणे असे की पायाची नाडी लागते एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. बोटे ताणताच असह्य वेदना होत असतील तर तीच पहिली सूचना समजावी.

संयमाचे गणित

छेदानंतर साधारण पाच ते सात दिवस थांबतात. मग रोज 1 मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत. इलिझारोव्ह यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत रोज अर्ध्या मिलिमीटरने हाड अनेकदा वेळेआधीच जुळले, तर 2 मिलिमीटरने रक्तवाहिन्या व इतर ऊती मागे पडल्या. ताणाच्या दिशेने नव्या केशवाहिन्या वाढतात आणि त्यांच्या सोबतीने हाडाचे खांब उभे राहतात. लांबी मिळाल्यावर हाड पक्के होण्यास आणखी काळ लागतो. एकूण हिशेब दर सेंटिमीटरला महिना किंवा अधिक असा धरावा. म्हणजे 5 सेंटिमीटरसाठी सुमारे अर्धे वर्ष.

आता समाजबांधवांशी दोन शब्द. तंबाखू आणि विडी-सिगारेट रक्तवाहिन्या आकुंचित करतात. आपल्या राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सवय कायद्याने सुटत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी तंबाखू सोडविल्याशिवाय मी रुग्णाला तारीख देत नाही.

अलीकडे विवाहेच्छू मुलांचे पालक केवळ उंची वाढविण्यासाठी विचारणा करतात. ज्याचा एक पाय आखूड आहे, त्याला ही शस्त्रक्रिया सरळ चालणे देते. निरोगी माणसाचे दोन्ही पाय कापून मिळणाऱ्या काही सेंटिमीटरमागे मात्र अनेक महिने, वेदना, सांधे आखडणे आणि नसा-रक्तवाहिन्यांचा धोका उभा असतो. मुलाची पत्रिका पाहण्याआधी एवढे अवश्य समजून घ्यावे. ज्यांना गरज आहे त्यांनी भीती न बाळगता, अनुभवी शल्यविशारदाकडे, फिजिओथेरपीची पूर्ण तयारी ठेवून जावे, हीच विनंती.