श्रीदर्शनाबरोबर इतिहासदर्शन

श्रीक्षेत्र गणपतीपुळे येथे डोंगर हेच श्रींचे स्वरूप मानले जाते. म्हणून येथील प्रदक्षिणा केवळ गाभाऱ्याभोवती न घालता संपूर्ण टेकडीभोवती घालतात. सुमारे एक किलोमीटरची ही वाट चालताना भाविकास श्रींचे सर्व बाजूंनी दर्शन घडते. परिसरातील ऐतिहासिक स्थळेही अशीच, सावकाश व सर्व बाजूंनी पाहावीत. दारातून डोकावून परतणाऱ्यास त्यांतील फार थोडे लाभते.

मालगुंड : येथून अगदी जवळ असलेले हे गाव आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत, अर्थात कृष्णाजी केशव दामले (१८६६–१९०५), यांचे जन्मस्थान होय. मराठीत सुनीत हा काव्यप्रकार त्यांनी रुजविला. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला नाही. तरीही त्यांचे जन्मघर आज पाहावयास मिळते, याचे कारण साहित्यप्रेमी मंडळींनी ते जतन करण्याचे मनावर घेतले. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या स्मारकाचे उद्घाटन १९९४ मध्ये कविवर्य कुसुमाग्रज यांच्या हस्ते झाले.

जयगड : शास्त्री नदीच्या मुखावरील हा किल्ला विजापूरच्या आदिलशाहीच्या काळातील असून पुढे तो मराठ्यांकडे आला. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराशी त्याचे नाव निगडित आहे. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. बांधकाम वारंवार ढासळू लागले तेव्हा जयबा नामक तरुणाने स्वेच्छेने बलिदान केले व त्याच्या नावावरून जयगड हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. लोकमानसात गडाचे मोल किती होते, हे आख्यायिकेवरून कळते. गड कोणी व केव्हा बांधला, हे मात्र कागदपत्रे व बांधकाम यांवरूनच ठरवावे लागते. दोन्ही जाणून घ्यावे, पण त्यांची गल्लत करू नये. तटावरून फिरताना खाडीचे मुख दृष्टीस पडले, की येथेच गड का बांधला याचा उलगडा आपोआप होतो.

रत्नागिरी : लोकमान्य टिळकांचे हे जन्मगाव (१८५६). ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा यास इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले व पुढील वर्षी रत्नागिरीस आणून नजरकैदेत ठेवले. आज थिबा पॅलेस म्हणून ओळखला जाणारा राजवाडा त्यास १९१० मध्ये मिळाला. १९१६ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. तीस वर्षांच्या बंदिवासातील जेमतेम सहा वर्षे तो या वास्तूत राहिला, हे ध्यानी घेऊन तिच्या दालनांतून फिरावे.

भाविकांस विनंती : मंदिराच्या भिंतीवर कोणी आपले नाव कोरीत नाही, मग गडाच्या तटावर तरी का कोरावे? कोकणातील जांभा दगड पाऊस-वाऱ्याने आधीच झिजत असतो. त्यावर पडलेला ओरखडा पुन्हा भरून येत नाही. सोबतच्या मुलांना प्रत्येक स्थळी तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी बांधले, कशासाठी बांधले आणि आज त्यातील काय उरले आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढील पिढीलाही आजच्याइतकेच देता यावे, ही जबाबदारी येथे येणाऱ्या प्रत्येकाची आहे. मालगुंडचे घर अशाच आस्थेमुळे टिकले.